आजाऱ्याचं पान

ज्या दिवसांची ही हकिकत आहे, त्या दिवसांत मी देवाशी अबोला धरला होता. दिवा लावत होते, कारण ती सवय हाताला होती. पण हात जोडले की तोंडातून शब्द निघत नसे. माणसाशी भांडलं तर तो निदान उलटून बोलतो. देवाशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजू आपल्यालाच मांडाव्या लागतात, आणि तेवढं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. ह्यांना मेडिकल कॉलेजात भरती करून वीस दिवस झाले होते आणि अंगावरची सूज काही उतरत नव्हती.

आता या गोष्टीला चाळीसेक वर्षं तरी झाली असतील. परवा युनिव्हर्सिटीच्या मुलींनी तयार केलेली एक छोटी पुस्तिका मंडळात वाटली. आपल्या झाशीत अडल्या-नडल्याला कुठे काय मदत मिळते, त्याची यादी. चष्मा लावून मी ती पानोपान वाचली. आमच्या मराठी मंडळाचं नाव आहे, गुरुद्वाऱ्याच्या लंगरचं आहे, चाकाची खुर्ची आणि कुबड्या वापरायला देणाऱ्या सेवा समितीचं आहे, आणि अगदी शेवटी चर्चच्या रसोईघराचं. ‘रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चूल व भांडी, सकाळी सहा ते सायंकाळी सात.’ एवढीच ओळ. तिच्यावर बोट ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. त्या ओळीच्या आत माझे किती दिवस आहेत ते त्या मुलींना कुठून माहीत असणार? म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं.

हे डिग्री कॉलेजच्या लायब्ररीत होते. स्वभाव शांत, आवाज हळू, आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नाही. पण जेवणाच्या बाबतीत मात्र पक्के हट्टी. आमटीत गूळ किंचित जास्त झाला तर वाटी बोटभर पुढे सरकवून ठेवायचे. बोलायचे काही नाहीत, पण त्या सरकवलेल्या वाटीची मला जितकी धास्ती वाटे तितकी सासूबाईंच्या बोलण्याचीही वाटली नाही. अशा माणसाच्या मूत्रपिंडाला सूज आली. तोंड सुजलं, पाय सुजले, पायाच्या कातडीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, “दवा अपना काम करेगी, लेकिन नमक एक चुटकी भी नहीं. और खाना पेट भर खाना है, नहीं तो ताकत कहाँ से आएगी.”

ह्या दोन गोष्टी एकत्र कशा जमवायच्या, ते काही त्यांनी सांगितलं नाही. अळणी जेवण समोर आलं की हे एक घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. दूध थोडं प्यायचे, केळं खायचे, झालं. मी रागावले, रडले, आमच्या मुलीची शपथ घातली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि जाऊबाईंकडे राहत होती. तिची शपथ घातली त्या दिवशी त्यांनी दोन घास जास्त खाल्ले आणि लगेच उलटी केली. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. एकदा त्यांच्या उशीखाली आंब्याच्या लोणच्याची फोड सापडली, कागदात गुंडाळलेली. शेजारच्या खाटेवर गरौठ्याचा एक शेतकरी होता. त्याची बायको बिचारी डोक्यावरचा पदर सावरत मला म्हणाली, “जिज्जी, तुमाए आदमी ने माँगो सो हमने दै दओ. हमें का पतो हतो कै मनाई है.” माझा नवरा, कॉलेजातला शिकलासवरलेला माणूस, लोणचं चोरून खातो, याची मला लाज वाटावी की कीव करावी हेच कळत नव्हतं. विसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आठवडाभरात फरक पडला नाही तर लखनौला न्यावं लागेल, आणि पुढचं ते आत्ता काही सांगू शकत नाहीत. ‘पुढचं’ म्हणजे काय ते मला समजलं होतं.

रसोईघराबद्दल सांगायला हवं. मेडिकलच्या फाटकापासून जवळच चर्चवाल्यांनी पत्र्याची एक लांब शेड बांधली होती. आत सहा चुली, एका कोपऱ्यात सरपण, भिंतीला टांगलेली ॲल्युमिनियमची भांडी. एरच, गरौठा, कुठून कुठून आलेल्या बाया तिथे आपल्या माणसासाठी रांधायच्या. आमचं घर जुन्या शहरात. इलाइट चौकात टेंपो बदलून यायचं तर दुपारचा डबा गार होऊन जाई, म्हणून मीही तिथे जायला लागले. पहिल्या दिवशी मनातून फार अवघडले होते. आमच्या घराण्यात सात पिढ्या पूजा सांगणारे, आणि मी चर्चच्या चुलीवर वरण शिजवत होते. सासूबाई असत्या तर त्यांनी मला विहिरीवर नेऊन डोक्यावरून पाणी घातलं असतं.

ते रसोईघर चर्चमधल्या नन, सिस्टर एलिस, चालवायच्या. केरळच्या, काळ्यासावळ्या, ठेंगण्या, पन्नाशीच्या. हिंदी बोलायच्या पण ‘का’ आणि ‘की’ची गल्लत कायमची. त्यांचा एकच नेम कडक होता. ज्या रुग्णाला मीठ किंवा साखर बंद असेल, त्याच्यासाठी बाहेरून काहीही आलं तरी ते आधी त्यांच्या हातून जायचं. त्या स्वच्छ चमच्याने तळहातावर थेंबभर घेत, चाखत, चूळ भरत आणि मगच मान हलवत. वॉर्डातल्या नर्सशीही त्यांचं तसं ठरलेलं होतं. लोणच्याच्या प्रकारानंतर तर ह्यांच्या खाटेवर त्यांचा खास डोळा होता. मला पहिल्यांदा ते मुळीच आवडलं नाही. मी शुद्ध मनाने अळणी रांधते, मग ही बाई चाखून का बघते? एकदा मी फणकाऱ्याने म्हटलंही, “सिस्टर, भरोसा नहीं है क्या?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “भरोसा है बहनजी. लेकिन हाथ का आदत होता है न. हाथ भूल जाता है.” हे वाक्य मला पुढे फार आठवणार होतं.

आता आमच्या मंडळाची रीत. झाशीतली आमची मराठी घरं म्हणजे मूठभर, पण भाद्रपदात मंडळाचा गणपती दहा दिवस बसतो तो मोठ्या निगुतीने. प्रत्येक दिवसाच्या नैवेद्याची पाळी एकेका घराण्याची. सहावा दिवस आमचा. आमच्या घराण्याने ती पाळी कधी चुकवली नव्हती. घरात बाळंतीण असो की आणखी काही अडचण, कुणीतरी उभं राहिलंच होतं. त्या वर्षी सगळे म्हणाले, तू राहू दे, आम्ही करू. मी ऐकलं नाही. भक्ती होती म्हणून नव्हे, हे आज कबूल करते. देवाशी माझं बोलणं बंद होतं, पण त्याला माझ्याविरुद्ध बोट दाखवायला जागा मिळू द्यायची नव्हती. मी माझं सगळं केलं, आता तुझं तू बघ, असं त्याला सुनवायचं होतं.

सहाव्या दिवशी पहाटे न्हाऊन, सोवळ्याचं नेसून मी मंडळाच्या स्वयंपाकघरात शिरले. साठ-पासष्ट पानांचा स्वयंपाक. वरण-भात, अळूची पातळ भाजी, लाल भोपळ्याची भाजी, कोशिंबीर, वाटली डाळ आणि मोदक. मदतीला चार बायका होत्या, पण आमच्याकडे दोन नियम फार जुने आहेत. एक म्हणजे नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही, वासही घ्यायचा नाही. आणि चाखायचं नाही म्हणूनच दुसरा नियम, की मीठ एकाच हाताने पडायचं. चार बायकांनी चार वेळा टाकलं तर कळणार कसं? म्हणून ज्या घराण्याची पाळी, त्या घरच्या बाईनेच मीठ घालायचं, बाकीच्यांनी बरणीला हात लावायचा नाही. त्या दिवशी ती बाई मी होते. मंडळातल्या सगळ्यांत वडील म्हणजे माई. त्या ओट्यावर बसून देखरेख करत होत्या. भाजी चिरायची कशी आणि पदर खोचायचा कसा यावर माईंनी आजवर कुणाला सोडलं नव्हतं. पण त्या दिवशी मला मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत. माझा अवतार बघूनच गप्प बसल्या असाव्यात.

मी काय करत होते ते मलाच कळत नव्हतं. हात चालत होते आणि डोक्यात ह्यांच्या पायावरचे ते खळगे होते. लखनौला न्यायचं तर कुणाला बरोबर न्यायचं, मुलीला काय सांगायचं, एवढंच घोळत होतं. आरती झाली, नैवेद्य दाखवला गेला, पंगत बसली. आमच्याकडे केळीची पानं कुठून येणार, पळसाच्या पत्रावळी असतात. मी तूप वाढायला घेतलं. पंगतीतून हळूच कुणीतरी म्हणालं, “जरा मीठ आणा.” मग पलीकडून कुणीतरी, मग आणखी कुणी. मीठ वाढणारी बाई तीनदा फिरली. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. दुसऱ्यांदा तूप घेऊन निघाले तेव्हा ध्यानात आलं की अण्णा पंगतीत दिसत नाहीत.

अण्णा म्हणजे मंडळाचे पुजारी, रिटायर झालेले शाळामास्तर. मी माईंना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, “अगं, आरती झाल्याबरोबर गेले ना मेडिकलला. आजाऱ्याचं पान नको का पोचवायला?”

मी तुपाची वाटी तिथेच खाली ठेवली. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. मंडळातलं कुणी आजारी असलं तर पंगत बसण्याआधी पहिलं पान त्याच्यासाठी वाढून पाठवायचं, देवाच्या पानाच्या पाठोपाठ. लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. पण ते पान माझ्याच घरी जाणार हे माझ्या टाळक्यातच आलं नव्हतं. आजारी म्हणजे दुसरं कुणीतरी, असंच माणसाला वाटत असतं. मोदक तेवढा सोडून प्रत्येक पदार्थात मीठ, आणि खरं तर मोदकाच्या उकडीतही चिमूटभर असतंच. एवढं सगळं आता ह्यांच्या खाटेपाशी पोचलं असणार. आणि हे प्रसाद म्हणून एक शीत टाकणार नाहीत, ते मी पक्कं ओळखून होते.

सोवळ्याच्या लुगड्यातच मी रस्त्यावर आले. पाळी अर्धी टाकून मंडळातून निघालेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच बाई असेन. टेंपोत बसले. इलाइटवर उतरून दुसरा टेंपो मिळेना, तेव्हा रिक्षा केली. रस्ताभर मी देवाशी बोलत होते. एकवीस दिवसांचा अबोला सुटला तो असा. वाटेल ते बोलले. म्हटलं, मी तुझ्यापुढे पहाटेपासून उभी राहिले, तहानेने घसा सुकला तरी पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि तू माझ्याच हाताने रांधून घेऊन माझ्याच माणसाला पाठवलंस? मग थोड्या वेळाने, मेडिकलचं फाटक दिसायला लागलं तेव्हा, शब्दच संपले. मी म्हटलं, आता माझ्याकडून काही होत नाही. मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं, आणि त्यातच चुकले. आता माझा माणूस तुझा. हे मी चिडून म्हटलं नाही, शहाणपणानेही म्हटलं नाही. फक्त हात टेकले.

वॉर्डात शिरले तर हे झोपले होते. तोंडावर इतक्या दिवसांत न पाहिलेली तृप्ती. अण्णा स्टुलावर बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि पायाशी पत्रावळ होती, मोकळी, पुसून काढल्यासारखी. मोठ्या माणसावर आवाज चढवायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. मी म्हटलं, “अण्णा, काय केलंत हे? मीठ बंद आहे ना त्यांना.” अण्णा गोंधळून म्हणाले, “अगं, मला ठाऊक आहे ते. मी म्हटलं दोन मोदक तरी खाईल. पण त्या सिस्टरबाईंनी दारातच अडवलं मला. चाखल्याशिवाय आत जाऊ देईनात. मी म्हटलं, बाई, प्रसाद आहे. त्या म्हणाल्या, तो हमको भी दीजिए. मग आता नाही कसं म्हणणार? दिला हातावर. प्रत्येक पदार्थ घेतला त्यांनी. आणि म्हणाल्या, जाइए, सब खिलाइए.”

मी तशीच रसोईघराकडे गेले. सिस्टर एका म्हातारीच्या चुलीत लाकूड सारून देत होत्या. मला बघून उठल्या. म्हणाल्या, “बहनजी, हम आपको पूछने वाला था. इतना चीज, और एक में भी नमक नहीं. मीठा वाला का छिलका में भी नहीं. भगवान का पूरा दावत आपने अपने आदमी के लिए ऐसा बनाया?”

मी शेडच्या पायरीवर खाली बसले. साठ माणसांच्या स्वयंपाकात मी मीठ घातलंच नव्हतं. वीस दिवस अळणी रांधून रांधून हात विसरला होता, सिस्टरनी म्हटलं होतं तसाच. मी घातलं नाही, आणि दुसऱ्या कुणी घालायचं नाही हा नियम. चाखून बघायचं नाही हाही नियम. माझ्या घरी चाखणं मना, आणि या घरी चाखल्याशिवाय पुढे जाणं मना. या दोन नेमांच्या मधून ते पान ह्यांच्यापर्यंत सुखरूप पोचलं होतं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. सिस्टरना अर्धंच समजलं असेल, पण त्या शेजारी बसल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या हाताला धुराचा आणि हळदीचा वास होता, तो मला अजून आठवतो.

हे जागे झाले तेव्हा मी विचारलं, “अहो, मीठ नव्हतं हे कळलं नाही का तुम्हाला?”

“पहिल्याच घासाला कळलं.”

“मग खाल्लंत कसं?”

ते उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, “माझ्या आधी त्याने खाल्लं ना मुकाट्याने. तो काही वाटी सरकवून बसला नाही. मग मी कोण लागून गेलो?”

संध्याकाळी मंडळात परत गेले ती माफी मागायलाच. पंगत केव्हाच उठली होती, भांडी घासून पालथी घातली होती. मी माईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “माई, आज माझ्या हातून मीठ राहिलं.” माई वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “कसलं मीठ? आम्हाला तर काही कळलं नाही बाई. अळू छान झालं होतं.” फळीवरच्या मिठाच्या मोठ्या बरणीचा तळ दिसत होता. साठ माणसं जेवली, त्यांत नाक मुरडणारी, चवीढवीची, जावयांच्या पानाला नावं ठेवणारी माणसं होती. पण प्रसादाला नाव ठेवायचं नाही, म्हणून एकानेही चकार शब्द काढला नव्हता. मीठ मागायला तेवढी बंदी नव्हती. त्या दिवशी मला माझ्या माणसांबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. इथे लिहिते. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. रसोईघरात स्वयंपाक झाला की तिथेच नैवेद्य दाखवायचा आणि ह्यांना सांगायचं की प्रसाद आहे. पण तिथे देव कुठला? भिंतीवर लाकडी क्रूस होता आणि त्याखाली एक पणती. मी घुटमळले. सिस्टर म्हणाल्या, “रखिए न. उनको भी तो भूख लगता होगा.” तुळस त्यांच्याच अंगणात होती, खोकल्याच्या काढ्यासाठी लावलेली. मी क्रूसासमोर पाण्याने चौकोन काढला, वाटी ठेवली, तुळशीचं पान ठेवलं आणि डोळे मिटले. कुणाला हाक मारली ते मला सांगता यायचं नाही. पण हाक मारली, एवढं खरं. गरौठ्याच्या त्या बाईने विचारलं, “जिज्जी, जौ का करतीं?” आणि चार दिवसांनी बघते तर तीही आपल्या नवऱ्याच्या दलियाची वाटी तिथे ठेवून हात जोडत होती.

ह्यांनी पानातलं सगळं जेवायला सुरुवात केली. नैवेद्य कुठे दाखवते हे मी सांगितलं नव्हतं. उगाच मनात किंतू नको. आठवड्याने डॉक्टरांनी पायावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून आला. लखनौचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दिवाळीच्या आधी आम्ही घरी आलो. त्यानंतर हे खूप वर्षं जगले, मुलीचं लग्न केलं, लायब्ररीतून मानाने रिटायर झाले, नातीला ‘अआइई’ शिकवलं. एकदा जेवता जेवता मला सहज म्हणाले, “तुझ्या सिस्टरच्या देवाला त्या वेळी भोपळा फार खायला घातलास हं.” म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. अण्णांनी सांगितलं की गरौठ्याच्या बाईने, ते मी विचारलं नाही.

सिस्टर एलिस केरळला परत गेल्या त्याला फार वर्षं झाली. जाताना मला त्यांनी तो चमचा दिला, ज्याने त्या चाखायच्या. माई गेल्या, अण्णा गेले. हे गेले त्यालाही आता सहा वर्षं होतील. रसोईघरात गॅस आला आहे, फरशी बसवली आहे. मी मधूनमधून तिकडे जाऊन येते. नव्या सिस्टर मला ओळखत नाहीत, पण बसायला देतात. कोपऱ्यातली तुळस मात्र जुनीच असावी असं मी मनाशी धरून चालते.

त्या वर्षानंतर माईंनी एक गोष्ट सुरू केली. काही बोलून नव्हे, पुढच्या वर्षी सहाव्या दिवशी मी मिठाच्या बरणीकडे हात नेला तेव्हा त्यांनी ती उचलून आपल्याजवळ ठेवली, एवढंच. त्या दिवसाचा स्वयंपाक तेव्हापासून अळणीच होतो आणि प्रत्येक पत्रावळीवर मीठ जरा जास्त वाढतात. ज्यांना कारण माहीत होतं ती माणसं हळूहळू गेली, आणि रीत राहिली.

यंदा माझ्याच्याने उभं राहवलं नाही. रक्तदाब वाढला, पाय सुजले, आणि डॉक्टरांनी मला तेच सांगितलं जे एकदा ह्यांच्यासाठी सांगितलं होतं. आमच्या घराण्याची पाळी मंडळातल्या एका नव्या सुनेने घेतली. ग्वाल्हेरची पोर आहे, मराठी समजतं पण बोलताना अडखळते. सहाव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. ती उभी होती, सोवळ्यात, कपाळावर घाम, दोन्ही हातांत झाकलेलं पान. म्हणाली, “काकूजी, आजाऱ्याचं पान. सबसे पहले तुमचंच काढलं. पण यात नमक बिलकुल नाही हं. आज के दिन अळणीच करतात. मम्मीजी म्हणतात, पेशव्यांच्या टाइमपासून रीत आहे आपली.”

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. सांगावंसं वाटलं की पोरी, पेशवे कुठले, ती माझी चूक आहे. अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. मग वाटलं, मी तरी कोण ती चूक माझी म्हणणारी? म्हणून म्हटलं, “हो गं. फार जुनी रीत आहे.”

ती गेल्यावर मी पानाभोवती पाणी फिरवलं. सिस्टरचा चमचा घेतला, अळूचा पहिला घोट तळहातावर घेतला आणि चाखला. मिठाचा कण नव्हता. मग मी सगळं जेवले, एक शीतही टाकलं नाही.